अविचारी मनाची झाडाझडती: जुआंव जिल्बेर्तो यांची १९६१ची एलपी

ब्राझीलचे गायक आणि गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांची १९६१ साली ओडिऑन कंपनीने काढलेली, शीर्षक म्हणून केवळ त्यांचेच नाव मिरवणारी एलपी आता वेगवेगळ्या आवृत्त्यांत पुन्हा मिळू लागली आहे. तिच्यात बारा गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात, त्यामुळे आयात मालाचे दर पाहता मिनिटांचा हिशेब मांडणाऱ्या ग्राहकाला ती महागच वाटेल. मी ती ‘इन्सेन्सातेझ’ या एकाच गाण्यासाठी मागवली, आणि हे परीक्षणही मुख्यतः एवढ्याच प्रश्नाचे आहे की त्या गाण्याचा अर्थ या तबकडीतून ऐकणाऱ्याच्या हाती कितपत लागतो.

वडोदऱ्यात बोसा नोव्हा, म्हणजे सांबा या ब्राझीलच्या नृत्यसंगीतातून निघालेली हळुवार शैली, ऐकणारे फार नाहीत. दांडिया बाजारातील एका जुन्या घरी रविवारी सकाळी आमचे जे श्रवणमंडळ जमते, त्यातील बहुतेक मंडळी ख्याल आणि नाट्यसंगीत यांवर वाढलेली आहेत. ज्या शहरात उस्ताद फैयाजखाँ दरबारगायक होते आणि जेथे १८८६ सालापासून संगीताचे शिक्षण संस्थेत दिले जात आहे, तेथे गाणे म्हणजे खुल्या, भरदार आवाजाचे गाणे ही समजूत रुजलेली असणे स्वाभाविक आहे. अशा कानांना जिल्बेर्तो यांचा आवाज प्रथम ऐकताना गायकाने अजून गायला सुरुवातच केलेली नाही, तो नुसता गुणगुणतो आहे, असे वाटते. आमच्यातील एका ज्येष्ठ गायिकेने, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, पहिल्या गाण्यानंतर “हे गृहस्थ गाणार कधी?” असे विचारलेही. पुढे ‘इन्सेन्सातेझ’वर सर्वांत महत्त्वाचे बोलल्या त्याही मावशीच, म्हणून हा प्रश्न येथे नोंदवून ठेवतो.

गाण्याचे संगीत आंतोनियो कार्लोस जोबीम यांचे आहे आणि शब्द विनिसियस दि मोरायस यांचे. विनिसियस हे आधी कवी आणि परराष्ट्रसेवेतील अधिकारी, आणि मग गीतकार. १९५६ साली रिओ दि जानेरोत रंगभूमीवर आलेल्या ‘ऑर्फेउ दा कोन्सेइसाँव’ या नाटकासाठी दोघे प्रथम एकत्र आले आणि बोसा नोव्हातील कितीतरी मोठी गाणी त्या जोडीतून निघाली. विनिसियस यांनी आयुष्यात नऊ लग्ने केली, तेव्हा प्रेम गमावणे आणि क्षमा मागणे या दोन्ही विषयांत त्यांचा अधिकार कोणी नाकारू नये. ‘इन्सेन्सातेझ’ म्हणजे अविचार. पण गाणे उलगडते ते शीर्षकावरून नव्हे, तर कोण कोणाशी बोलते आहे हे कळल्यावर.

मूळ पोर्तुगीज शब्दांत प्रेमाची व्यक्ती कोठेही समोर येत नाही. बोलणारा आपल्या हृदयाशी बोलतो आहे आणि ते बोलणे सरळसरळ कानउघाडणीचे आहे. हृदय बेफिकीरपणे वागले, ज्या नाजूक प्रेमाला जपायला हवे होते त्यालाच त्याने रडवले; ते इतके दुबळे, इतके निर्दय का झाले, असा जाब तो विचारतो. मग सुभाषितासारखा एक विचार येतो, की ज्याने कधी प्रेम केले नाही तो प्रेम मिळवण्यासही पात्र नाही. दुसऱ्या कडव्यात बोलण्याचा रोख उपदेशाकडे वळतो. हृदयाने आता तरी विवेकाचे ऐकावे आणि खरेपणाने वागावे, कारण वारा पेरणाऱ्याच्या पदरी वादळच पडते. हा दृष्टांत मूळ बायबलमधल्या होशेयाच्या ग्रंथातला असला, तरी ‘पेरावे तसे उगवते’ हे लहानपणापासून ऐकत आलेल्यांना तो परका वाटत नाही. शेवटी आज्ञा येते: जा, क्षमा माग, अगदी कळवळून माग, कारण जो क्षमा मागत नाही त्याला ती कधीच मिळत नाही. शब्द येथे संपतात.

काय सांगितले नाही, हेही पाहण्यासारखे आहे. अपराध नेमका कोणता, हे गाणे सांगत नाही. भांडण झाले, फसवणूक झाली, की नुसते दुर्लक्ष झाले, याचा पत्ता लागत नाही. हृदय उठून क्षमा मागायला गेले की नाही, हेही कळत नाही. विरहाची आपली बहुतेक गाणी दोष नशिबाला, जगाला किंवा निघून गेलेल्या माणसाला देतात, आणि त्यात त्यांचा गोडवाही असतो. येथे तशी सोय ठेवलेली नाही. प्रेम गेले याचे दुःख आहेच, पण ते कोणी घालवले याचा निवाडा पहिल्याच ओळीत होऊन जातो आणि उरलेले गाणे त्या निवाड्यानंतरचे आहे.

मंडळात शब्दांचा हा आशय मी वाचून दाखवला तेव्हा मावशी म्हणाल्या, “अरे, ही तर कलहान्तरिता. भांडून त्याला घालवले आणि आता पस्तावते आहे. फक्त इथे नायिकेच्या जागी नायक आहे.” भरताच्या अष्टनायिकांपैकी ही नायिका ठुमरीत आणि नृत्यात अभिनयासाठी मोठी जागा देते, आणि विद्यार्थीदशेत मावशींनी ती पुष्कळदा पाहिलेली असणार. त्यांचे निरीक्षण मला पूर्णपणे पटले नाही, तरी त्यामुळे माझे ऐकणे बदलले. कलहान्तरितेला सखी असते. ती सखीजवळ मन मोकळे करते, सखी समजूत घालते, प्रसंगी निरोपही घेऊन जाते. या गाण्यात सखी नाही. अपराध करणारे हृदय, बोलणी खाणारे हृदय आणि निरोप घेऊन जायचे तेही हृदयच. मी तसे म्हटले तेव्हा मावशी म्हणाल्या, “मग बिचारा एकटाच आहे की!” आणि आणखी एक गोष्ट त्यांनीच दाखवून दिली, की शब्दांच्या ज्या आशयावर आम्ही बोलत होतो त्यात गाणारा पुरुष आहे असे कोठेच नाही, आपण ते आवाजावरून धरून चाललो. ते खरेच आहे. मूळ शब्द स्त्रीनेही जसेच्या तसे गावेत असे आहेत.

मनाला उद्देशून बोलणे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. समर्थांनी मनाला २०५ श्लोकांत समजावले आणि वडोदऱ्यातल्या मराठी घरांतही ते श्लोक मुलांकडून पाठ करून घेतले जात. पण समर्थांच्या बोलण्यात सांगणारा मनाच्या वर, शांतपणे उभा असतो. विनिसियस यांच्या गाण्यात सांगणारा स्वतःच आरोपी आहे, आणि ‘मी’ असे वागलो म्हणण्याऐवजी ‘हृदया, तू’ असे वागलेस म्हणण्यात, मला वाटते, थोडी पळवाटही आहे. चूक हृदयाची, शहाणपण माझे, अशी वाटणी करून तो स्वतःला जरासे वाचवतो. कवीला ही पळवाट दिसत नसेल असे मानणे कठीण आहे. गाण्याची खरी बोच बहुधा तिथेच आहे, कारण क्षमा मागायला जायचे तेही तो हृदयालाच सांगतो, स्वतः उठत नाही.

आता चालीविषयी, कारण या तबकडीचे मोल येथेच ठरते. गाणे एका लांबवलेल्या उद्गाराने सुरू होते आणि मग चाल बराच वेळ एका स्वरावर आणि त्याच्या अगदी लगतच्या स्वरावर रेंगाळते. खाली गिटारचे मंद्र स्वर मात्र अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरत राहतात, त्यामुळे तोच स्वर प्रत्येक वेळी निराळा भासतो, प्रत्येक वेळी थोडा अधिक उदास. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो आणि त्याच्या आधाराने स्वर फिरतो. येथे गाणाऱ्याचा स्वर जवळजवळ अचल आहे आणि आधारच सरकतो आहे. मंडळातील ख्यालप्रेमी श्रोत्यांना बोसा नोव्हाची स्वररचना समजावून सांगण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही, आणि गाण्याच्या अर्थाशीही तो थेट भिडतो: माणूस आपल्या जागेवरून हलायला तयार नाही आणि पायाखालची जमीन मात्र खचत चालली आहे. कानउघाडणी आणि उपदेश या दोन्ही कडव्यांची चाल एकच आहे, हेही मला सूचक वाटते. शब्द शहाणे झाले तरी सूर जिथे होता तिथेच आहे.

पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांना ही चाल पियानोसाठी रचना करणाऱ्या शोपँ यांच्या ई मायनरमधील प्रिल्यूडची (ओपस २८, क्रमांक ४) आठवण करून देते, आणि साम्य कोणालाही कळेल इतके उघड आहे. तेथेही उजव्या हाताचा सूर दोन शेजारच्या स्वरांत घुटमळतो आणि डाव्या हाताची स्वरसंगती पायरीपायरीने खाली येते. १८३९ साली प्रसिद्ध झालेली ही छोटी रचना १८४९ साली खुद्द शोपँ यांच्या अंत्यविधीच्या वेळी पॅरिसमध्ये ऑर्गनवर वाजवली गेली होती. जोबीम यांनी तिच्यातून काय घेतले यावर वाद घालण्यापेक्षा दोन्ही पाठोपाठ ऐकावीत. शोपँ शेवटाकडे येताना एकदा उफाळतात, जोबीम उफाळत नाहीत.

आणि जिल्बेर्तो तर मुळीच नाहीत. त्यांच्या आवाजात कंप नाही, आळवणी नाही, शब्दाच्या शेवटी स्वर लांबवून टाळी मिळवण्याचा मोह नाही. गिटारवर अंगठा सांबाच्या मोठ्या ढोलाचा संथ ठोका सांभाळतो, बाकीची बोटे त्या ठोक्याच्या आडून स्वरसंगती छेडतात आणि आवाज या दोहोंच्या कधी जरा मागे, कधी जरा पुढे चालतो. ठेका अढळ ठेवून लयीशी खेळण्याची ही कला आपल्या श्रोत्यांना ओळखीची आहे. नवी आहे ती तिची कुजबुज. स्वतःच्या मनाची झाडाझडती कोणी खड्या आवाजात घेत नाही, आणि म्हणूनच हे गाणे या आवाजात पटते. मूळ ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे डावे-उजवे वेगळे न केलेले, असूनही आवाज आणि गिटार इतके जवळून ऐकू येतात की श्वास कोठे घेतला तेही कळते. पाठीमागची साथ मंद आहे आणि ती मंदच राहते. सारे गाणे अडीच मिनिटांच्या आसपास आटोपते, आणि ते तेवढेच असावे असे वाटते.

तबकडीबद्दल माझी खरी तक्रार तिच्यासोबत आलेल्या माहितीपत्रकाविषयी आहे. माझ्या प्रतीत पोर्तुगीज शब्दांच्या समोर नॉर्मन गिंबेल यांचे ‘हाउ इन्सेन्सिटिव्ह’ हे इंग्रजी गीत भाषांतर म्हणून छापले आहे, आणि ते भाषांतर नाही. गिंबेल कसलेले गीतकार होते. इपानेमाच्या मुलीच्या प्रसिद्ध गाण्याचे इंग्रजी शब्दही त्यांचेच. पण येथे त्यांनी चाल घेतली आणि गोष्ट दुसरीच सांगितली. त्यांच्या गीतात समोरच्या व्यक्तीने प्रेम बोलून दाखवले तेव्हा आपण किती थंड, किती निर्विकार दिसलो असू, याची आठवण आहे. प्रेम संपल्यावर माणसाने बोलायचे तरी काय, असा प्रश्न त्यात आहे आणि शेवटच्या नजरेची आठवण घेऊन एकटे राहणे आहे. हृदयाशी संवाद नाही, वारा आणि वादळ नाही, आणि क्षमेचा तर उल्लेखही नाही. मूळ गाण्यातला माणूस दोषी आहे आणि त्याला अजून काहीतरी करता येण्यासारखे आहे. इंग्रजी गाण्यातला माणूस अवघडलेला आहे आणि त्याच्या लेखी सगळे संपलेले आहे. पत्रक वाचत गाणे ऐकणारा ग्राहक त्यामुळे कानांनी एक गाणे ऐकतो आणि डोळ्यांनी दुसरेच वाचतो. प्रकाशकाने साधा गद्य सारांश दिला असता तरी काम भागले असते.

इंग्रजी गाण्याला कमी लेखण्याचा हेतू नाही. आस्त्रुद जिल्बेर्तो, ज्या एके काळी जुआंव यांच्या पत्नी होत्या, त्यांनी १९६५ साली आपल्या पहिल्या स्वतंत्र एलपीत ते गायले आहे, आणि त्यांच्या सपाट, जवळजवळ भावशून्य आवाजाला ते शब्द विलक्षण शोभतात. थंडपणाची कबुली थंडपणेच दिली जाते. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा यांनी १९६७ साली जोबीम यांच्यासोबत काढलेल्या एलपीतही ते आहे. क्लाउस ओगरमन यांचे वाद्यवृंदसंयोजन आणि स्वतः जोबीम यांची गिटार लाभलेल्या त्या तबकडीत सिनात्रा यांनी आवाज इतका आवरला आहे की एरवीचे सिनात्रा माहीत असलेल्यांना आश्चर्य वाटावे. तो संयम मला फार आवडतो. तरीही अर्थाच्या दृष्टीने ते वेगळेच गाणे आहे, आणि एक ऐकले म्हणजे दुसरे ऐकण्याची गरज उरली नाही, असे कोणी समजू नये. इंग्रजीत सिनात्रा ‘ती’ म्हणतात आणि आस्त्रुद ‘तो’ म्हणतात. मूळात या दोन्ही सर्वनामांची गरजच पडलेली नाही. शब्दांचा गुंताच नको असेल तर जोबीम यांची १९६३ची, बिनशब्दांची पियानोवरची आवृत्तीही आहे.

उरलेल्या तबकडीविषयी थोडक्यात लिहितो. दोरीव्हाल काइम्मी यांची ‘सांबा दा मिन्या तेर्रा’ आणि ‘साउदादे दा बाईया’ ही दोन गाणी उत्तम आहेत, आणि जुन्या सांबाला जिल्बेर्तो किती हलके करून सोडतात हे त्यांत चांगले कळते. काही गाण्यांत वाल्तेर वांदेर्ले यांचा ऑर्गन साथीला आहे. तो ऐकायला गमतीचा असला, तरी मला तो त्या काळात अडकून पडल्यासारखा वाटतो. ‘इन्सेन्सातेझ’शी जोडून ऐकावे असे गाणे म्हणजे ‘ओ आमोर एम पाझ’. तेही जोबीम आणि विनिसियस यांचेच आहे. त्यात दुःख भोगून झालेल्या माणसाला पुन्हा प्रेम भेटते, आणि प्रेम विस्कटते तेव्हा त्याहून खिन्न काही नसते, ही जाणीव त्या सुखातही तो सोडत नाही. एका गाण्यात क्षमा मागण्याची आज्ञा आणि दुसऱ्यात उशिरा मिळालेली शांती, अशी जोड एकाच तबकडीत मिळते, आणि हे मला या खरेदीचे दुसरे मोठे कारण वाटते.

आवृत्ती निवडताना मात्र सावध राहावे. १९५९, १९६० आणि १९६१ या सालांतील जिल्बेर्तो यांच्या तिन्ही ओडिऑन एलपी १९८८ साली एकत्र संकलित झाल्या तेव्हा त्यातील ध्वनीत केलेले फेरफार त्यांना मान्य झाले नाहीत, प्रकरण न्यायालयात गेले, आणि त्यांची अधिकृत पुनर्प्रकाशने वर्षानुवर्षे अडून राहिली. दुसरीकडे युरोपात ध्वनिमुद्रणांचे संरक्षण ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेण्याचा निर्णय २०११ साली झाला, पण १९६३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे त्या वाढीच्या बाहेर राहिली, त्यामुळे तेथील अनेक लहान प्रकाशकांना ही तबकडी मोकळेपणाने काढता येते. आज भारतात येणाऱ्या प्रती बहुतेक याच वाटेने येतात, आणि म्हणूनच त्यांच्या दर्जात इतका फरक पडतो. माझ्या प्रतीचा ध्वनी स्वच्छ आहे, खरखर नगण्य आहे, कव्हरचा कागद मात्र पातळ आहे. वडोदऱ्यात ती दुकानात मिळाली नाही. बाहेरून मागवताना पोस्टखर्चासह पावणेतीन हजार रुपयांच्या घरात गेली.

ज्यांच्याकडे टर्नटेबल आहे आणि जे एकाच गाण्याकडे पुन्हा पुन्हा परतणारे श्रोते आहेत त्यांनी ही एलपी घ्यावी, असे मी म्हणेन. ज्यांना केवळ ओळख करून घ्यायची आहे त्यांना तिन्ही ओडिऑन एलपी एकत्र असलेली सीडी कमी पैशांत पुरेशी होईल. मात्र घेण्यापूर्वी विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात: ध्वनी मूळच्या मोनोवरूनच घेतला आहे का, आणि सोबत पोर्तुगीज शब्द छापलेले आहेत का. शब्द असतील तर त्यांचा आशय पोर्तुगीज जाणणाऱ्या कोणाकडून समजून घेता येतो. इंग्रजी रकाना झाकून ठेवला तरी चालेल.